डिकी उघडेना? आधी दाबा, मग ओढा

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: वडिलांची वीस वर्षं जुनी पेट्रोल सेडान, कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरासमोर उघड्यावर उभी असते. जूनच्या सुरुवातीला आजऱ्याहून घनसाळ तांदळाची दोन पोती आणली. एक घरात गेलं, दुसरं बहिणीला द्यायचं म्हणून डिकीतच राहिलं. मग पाऊस लागला आणि गाडी जागची हलली नाही. आता दसऱ्याला धुवायला काढली तर डिकी उघडेना. सीटजवळचा लिव्हर ओढला की मागं 'टक' असा बारीक आवाज येतो, पण झाकण ढिम्म. चावी घातली तर मोकळीच फिरते. डिकीत एलपीजीची टाकी आहे. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं की लॉक कापून काढावं लागेल आणि मग झाकणही बदलावं लागेल. तुम्ही विचारताय, घरच्या घरी काही करता येईल का, आणि कुठला स्प्रे मारू?

स्प्रेचं पुढं बघू. आधी ठरवायचं ते हे की लॉक मोडलंय की अडकलंय. माझ्या हातून अशा डिक्या पुष्कळ गेल्या, त्यांत खरोखर मोडलेलं लॉक क्वचितच निघालं. बहुतेक वेळा लॉक धडधाकट असतं, फक्त त्याच्यावर भार आलेला असतो नाहीतर आत घाण बसलेली असते. तुम्ही सांगितलेल्या खुणा बघता तुमचंही तसंच दिसतंय. त्यामुळं कटर लावायचं आज तरी डोक्यातून काढा.

मी उद्यमनगरात काम शिकायला लागलो तेव्हा समोर फियाट आणि अँबॅसिडर असायच्या. त्यांच्या डिक्या बाहेरून चावीनं उघडायच्या, बिघाड काय तो तिथंच मागं सापडायचा. पुढं सीटजवळच्या लिव्हरच्या गाड्या आल्या. लिव्हर पुढं, लॉक मागं, आणि दोघांच्या मध्ये कार्पेटखालून गेलेली तीन-साडेतीन मीटरची केबल. सोय झाली खरी, पण बिघाड कुठं आहे ते दिसेनासं झालं. तेव्हापासून मी हाताला काय लागतं त्यावरच जास्त विसंबतो.

तुम्ही गाडीचं मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून काही गोष्टी मला मोघमच सांगाव्या लागतील. काही गाड्यांत लॉक झाकणात असतं आणि ते ज्यात अडकतं तो लोखंडी लूप खालच्या पत्र्यावर; काहींत बरोबर उलटं. काहींत केबलच्या जागी बटण आणि सोलेनॉइड (विजेवर लॉक ओढणारा भाग) असतो, तिथं आधी फ्यूज आणि बॅटरी बघायची. काही गाड्यांत लिव्हरलाच चावीचं कुलूप असतं. गाडी धुवायला किंवा पार्किंगवाल्याकडं देताना ते लावलं जातं आणि नंतर कुणाला आठवत नाही, मग लिव्हर वरच येत नाही. असं एक गिऱ्हाईक माझ्याकडं टो करून आलं होतं. चावी घातली, फिरवली, डिकी उघडली. पैसे घ्यायचीच लाज वाटली. तुमचा लिव्हर वर येतोय, म्हणजे ते कारण नाही.

डिकी उघडत नाही म्हणून कुणी आलं की मी आधी डिकीकडं जातच नाही. ड्रायव्हरच्या दारापाशी उकिडवा बसतो आणि लिव्हर तीन-चार वेळा सावकाश ओढून बघतो. तो अगदी ढिला आला, कुठंच अडला नाही, परत जायलाही आळस करत असला, तर केबल तुटलेली आहे किंवा कुठल्यातरी टोकाला हुकातून निसटलेली आहे. तिथं लॉकवर कितीही स्प्रे मारा, उपयोग शून्य. आधी लिव्हरचं प्लास्टिक कव्हर काढून केबलचं पुढचं टोक बघायचं आणि पक्कडीनं तेच ओढायचं. लिव्हर दगडासारखा कडक असला तर केबल नळीत गंजलीय किंवा लॉक आतून जाम आहे. अशा वेळी जोर करायचा मोह होतो आणि तिथंच केबल तुटते, नाहीतर लिव्हरची प्लास्टिकची मूठ हातात येते. आणि लिव्हर नेहमीसारखाच आला, हाताला स्प्रिंगचा ताण लागला, सोडल्यावर झटकन परत गेला, तर केबल शाबूत आहे आणि लॉकपर्यंत पोचतेय.

तुमचं हे तिसरं दिसतं. खात्री करायला घरातल्या कुणाला तरी डिकीच्या कडेला कान लावून उभं करा आणि पुढून लिव्हर ओढा. 'टक' मागून, झाकणाच्या मधोमध ऐकू आला तर लॉकचा निम्मा भाग काम करतोय. फक्त पुढंच ऐकू आला तर तो लिव्हरचा स्वतःचा आवाज, त्याला काही अर्थ नाही.

चावी मोकळी फिरते म्हणून तुम्ही जास्त घाबरलाय असं वाटतं. पण ती आज बिघडलेली नसावी. चावीच्या बॅरलमागं, म्हणजे चावी जिच्यात घालतो त्या गोल नळीमागं, एक छोटा हात असतो, त्यातून एक बारीक रॉड लॉकपर्यंत जातो आणि तो रॉड एका प्लास्टिकच्या क्लिपनं धरलेला असतो. ऊन खाऊन खाऊन ती क्लिप कडक होते, तडकते आणि रॉड निसटून लोंबायला लागतो. लिव्हर चालत असतो तोवर चावीनं डिकी कोण उघडतंय? म्हणजे तुमच्याकडं दोन वेगळी दुखणी आहेत: एक जुनं, कुणाच्या लक्षात न आलेलं, आणि एक या पावसाळ्यातलं. बॅरल ड्रिल करण्यात काही हशील नाही हेही त्यावरून कळेल. बॅरल ठीकच आहे, त्याच्यामागं काही जोडलेलंच नाही. (चावी फिरतच नसती तर गोष्ट वेगळी. तेव्हा आत तेल न सोडता ग्रॅफाइटची पूड घालायची, पेन्सिलीचं शिसं बारीक घासलं तरी चालतं. तेलाला धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत बॅरल पहिल्यापेक्षा घट्ट होतो.)

आता मुख्य गोष्टीकडं येतो. या लॉकमध्ये खरी कामाची हलणारी पानं दोनच असतात. एक जबडा, जो लूपला मिठी मारतो. दुसरं त्या जबड्याला मागून अडवून धरणारं छोटं पान. त्याला आम्ही कुत्रं म्हणतो, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसंच. डिकी आपटली की लूप जबड्याला फिरवतो आणि कुत्रं खाचेत बसतं. लिव्हर ओढला की केबल फक्त कुत्र्याला बाजूला सरकवते. जबडा ती फिरवत नाही. जबडा आपल्या स्प्रिंगनं आणि झाकणाच्या वर उठण्याच्या ओढीनं फिरतो. म्हणजे उघडण्याची कामं दोन: कुत्रं सुटणं आणि जबडा फिरणं. पहिलं झालं आणि दुसरं झालं नाही तर तुम्ही वर्णन केलंय अगदी तसंच होतं. 'टक' येतो, झाकण राहतं.

आणि कधीकधी पहिलंही धड होत नाही. कोल्हापुरात जुन्या वाड्यांची लाकडी दारं पावसात फुगतात तेव्हा कडी निघत नाही. आपण कडीवर हातोडा मारतो का? दार खांद्यानं आत रेटतो, कडीवरचा दाब कमी होतो आणि ती दोन बोटांनी सरकते. डिकीत नेमकं हेच होतं. झाकणाला खालून तीन गोष्टी वर ढकलत असतात: भोवतीचं रबर, पार्सल ट्रेखालच्या (मागच्या काचेखालची फळी ती) पीळ दिलेल्या दोन सळया, आणि आत कोंबलेलं सामान. जेवढं झाकण वर रेटलं जाईल तेवढा लूप जबड्याला ओढतो आणि जबडा कुत्र्यावर दाबून बसतो. दाबलेली वस्तू सरकवायला जास्त जोर लागतो, मग लिव्हरवरून तेवढा जोर पोचत नाही.

तुमच्या डिकीत टाकी आहे. टाकीनं जागा खाल्ल्यावर तांदळाचं पोतं आडवं बसणार नाही. ते टाकी आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये उभं घातलं असणार आणि वरून झाकण दाबून लावलं असणार. बरोबर ना? तेव्हा लागलं, कारण तेव्हा आतलं ग्रीस ओलं होतं. चार महिने त्या ताणाखाली, ओल खात लॉक बसून आहे. माझा संशय सगळ्यात जास्त त्या पोत्यावर आहे.

पण हात लावण्याआधी वास घ्या. गाडीची चारी दारं उघडा, मागच्या सीटवर वाकून खाली नाक न्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळत असेल तर वर जात नाही, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटखाली साचतो. वास आला तर इथंच थांबा. गाडी चालू करायची नाही, आतला दिवा लावायचा नाही, रिमोट दाबायचा नाही, गाडी मोकळ्यावर ढकला आणि गॅस किटवाल्याला बोलवा. डिकी उघडताना आतला छोटा दिवा आपोआप लागतो, त्याच्या स्विचची ठिणगीही पुरते. कापण्याला मी पहिल्याच दमात नाही म्हणालो त्याचं मोठं कारण हेच. टाकी असलेल्या बंद डिकीवर ग्राइंडर लावणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

वास नसेल तर दोन माणसं घ्या. एकानं पुढं बसून लिव्हर ओढायचा आणि ओढून धरायचा, सोडायचा नाही. दुसऱ्यानं झाकणावर, बरोबर लॉकच्या वर, जाड टॉवेलची घडी ठेवायची, दोन्ही तळवे टेकवायचे आणि शरीराचा भार हळूहळू टाकायचा. गुडघा नको, बसायचं तर अजिबात नको. जुना पत्रा आहे, एकदा खोलगा पडला की डेंटरचा खर्च लॉकच्या खर्चाहून मोठा. दाबा, एक क्षण थांबा, पटकन सोडा. पुन्हा दाबा, सोडा. अशी दहा-पंधरा आवर्तनं. मधूनच तळव्यानं लॉकच्या आसपास थापट्या द्या. दाबल्यावर लूप खाली जातो, कुत्र्यावरचा भार उतरतो आणि ओढून धरलेली केबल त्याला बाजूला घेते. सोडल्यावर रबर आणि सळया झाकणाला वर ढकलतात आणि जबडा फिरतो. लिव्हर सतत ओढलेला असणं महत्त्वाचं आहे. बरेचजण दाबतात तेव्हा ओढत नाहीत, ओढतात तेव्हा दाबत नाहीत, आणि मग म्हणतात हे सगळं करून बघितलं.

एकटेच असाल तर लिव्हर वर ओढून त्याच्याखाली लाकडाची ढलपी अडकवा. सुतळीनं सीटच्या पट्टीला बांधलं तरी चालेल, फक्त ताण बेताचा ठेवा.

एवढ्यानं झाकण बोटभर उचललं गेलं पण पुढं येत नाही असं झालं, तर रबर चिकटलंय. उन्हात तापलेलं जुनं रबर रंगाला धरून बसतं. कडेनं बोटं घालून एका कोपऱ्याकडून सावकाश सोडवा. पाना घालून उचकटू नका.

नाही उघडलं तर मग तुमचा स्प्रे. पण आत काय अडकलंय त्यावर काय मारायचं ते ठरतं. आपल्याकडं चार प्रकार बघायला मिळतात. पहिला, सगळ्यात नेहमीचा: वीस वर्षांचं ग्रीस आणि त्यात बसलेली धूळ. आपली तांबडी माती, उसाच्या हंगामात उडणारा फुफाटा, शिरोली-गोकुळ शिरगावकडं रोज जाणाऱ्या गाड्यांत फाउंड्रीची काळी धूळ. ग्रीस सुकून मेणासारखं होतं. दुसरा, गंज. या दोन्हींना डब्ल्यूडी-४० सारखा आत झिरपणारा स्प्रे चालतो. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं; चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. पाणी हटवायला, गंज सैल करायला तो उत्तम, पण तो ग्रीस नव्हे. बारीक नळी लावून झाकणाच्या फटीतून लॉकच्या दिशेनं मारा, आणि लगेच ओढाताण सुरू करू नका. संध्याकाळी मारा, सकाळी दाबा-ओढा करा. रात्रभरात तो मुरतो. हे स्प्रे पेटतात, तेव्हा मारताना दारं उघडी आणि विडी-काडी लांब.

तिसरा प्रकार पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, पुन्हा २०२१ च्या जुलैत. त्यानंतर कित्येक दिवस माझ्याकडं गाळ भरलेल्या गाड्या येत होत्या. पहिल्या दोन-तीन गाड्यांवर मी शहाणपणा करून भरपूर तेल मारलं आणि फसलो. सुकलेल्या गाळात तेल मुरलं की त्याची लापशी होते आणि ती सगळ्या सांध्यांत जाऊन बसते. गाळाला आधी पाणीच लागतं. पाण्यानं गाळ धुवून काढायचा, हवा मारून सुकवायचं, मग तेल. राजारामपुरीत तुमच्याकडं पूर आला नसणार, तरी गाडी सेकंड हँड घेतलेली असेल तर हे डोक्यात असू द्या. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक मातीचा थर दिसला तर समजून जा.

चौथा प्रकार ऐकून हसाल. एकानं शाहूपुरीतून गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घेतला, पावसात डिकीतून उतरवताना तो खालच्या पत्र्यावर टेकवला. लॉक तिथंच होतं. गूळ पाघळून आत उतरला आणि आठवड्यानं डिकी बंद ती बंदच. मागची सीट काढून हात घातला तर बोटं चिकटली. गुळाला कुठला स्प्रे? किटलीभर गरम पाणी ओतलं, दोनदा ओतलं, लॉक खुलं झालं. गॅरेजमध्ये दिवसभर काकवीचा वास.

दाबूनही नाही आणि मुरवूनही नाही, तर आतून जायचं. बहुतेक सेडानमध्ये मागच्या सीटची बैठक पुढच्या कडेला दोन क्लिपांवर किंवा बोल्टांवर असते. ती काढली की पाठीचे खालचे बोल्ट दिसतात, ते काढून पाठ वर उचलली की हुकातून निघते. मागं कधी नुसता पुठ्ठा असतो, कधी भोकं असलेला पत्रा. तुमच्याकडं तिथं टाकी आडवी येईल, म्हणून मी पार्सल ट्रेवरच्या स्पीकरचा रस्ता धरला असता. त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला मागं लंबगोल मोठे स्पीकर बसवलेले असतात. चार स्क्रू काढले की हात जाईल एवढं भोक मिळतं. मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा, हात आत घालून फिरवा, बाहेर काढून बघा. लॉक कुठं आहे, केबल कुठून येते, पोतं कुठं टेकलंय, सगळं दिसेल. मोबाइलला लागणारा बारीक वायरीचा कॅमेराही मिळतो, तो तर फारच सोयीचा. मग सहा मिलिमीटरची सळई, टोक जरा वाकवून, पूर्ण लांबी इन्सुलेशन टेपनं गुंडाळून आत घाला आणि केबल ज्या पत्तीला जोडलीय ती पत्ती केबल ओढते त्याच दिशेला ढकला. टेप विसरू नका; आत वायरी आहेत, टाकीचा व्हॉल्व्ह आहे. त्या वेळीही बाहेरून कुणीतरी झाकण दाबायचंच. सळईला त्या दाबानं निम्मं काम सोपं होतं.

एक गोष्ट निक्षून सांगतो. सीट काढली की घरातलं बारकं पोर 'मी आत जातो' म्हणून उड्या मारतं, आणि मोठी माणसंही 'जाऊ दे की, पटकन उघडेल' म्हणतात. नाही. अमेरिकेत बंद डिकीत अडकून मुलं दगावली, तेव्हा १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या डिकीवाल्या गाड्यांना आतून उघडायची, अंधारात दिसेल अशी मूठ सक्तीची झाली. आपल्या त्या काळातल्या गाड्यांत आत तसलं काही नाही. त्यात तुमच्याकडं गॅसची टाकी.

इथवरचा क्रम एकदा: वास, लिव्हरचा अंदाज, दोघांनी दाबा-ओढा, रात्रभर स्प्रे, पुन्हा दाबा-ओढा, मग स्पीकरच्या भोकातून सळई. माझा अंदाज, तुमची डिकी दाबा-ओढातच उघडेल, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

उघडली की लोक पहिली चूक काय करतात ठाऊक आहे? आनंदानं 'बघू परत उघडते का' म्हणून झाकण आपटतात. आणि ती पुन्हा उघडत नाही. उघडल्या उघडल्या पोतं बाहेर काढा आणि झाकणाला काठीचा टेकू द्या. तांदूळ ओला झालाय का तेही बघा, कारण तो ओला असेल तर डिकीत पाणी येतंय, आणि लॉकमध्ये ओल शिरायचं कारणही तेच. मागच्या दिव्यांची रबरं, झाकणाभोवतीच्या पन्हळीची भोकं, स्टेपनीचा खड्डा हे बघून घ्या. भोकात झाडाचा पाला अडकलेला असतो, सायकलच्या स्पोकनं मोकळं होतं.

लॉक दोन किंवा तीन बोल्टांवर असतं, बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. सोडवण्याआधी त्याच्या कडेनं मार्करची रेघ मारा आणि मोबाइलवर फोटो काढा. रेघ नसेल तर परत बसवताना दोन मिलिमीटर इकडंतिकडं होतं आणि झाकण वाकडं बसायला लागतं. लॉक केबलपासून सुटं करा, डब्यात डिझेल घेऊन जुन्या टूथब्रशनं घासा. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत घासा. नंतर पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारून आणा. आता जबडा बोटानं फिरवून सोडा. तो स्प्रिंगनं झटकन परत आला पाहिजे. रेंगाळत आला तर अजून घाण आहे. कुत्र्याची कड बघा. ती गोलसर झिजली असेल तर मात्र लॉक बदला, कारण तसं लॉक धावत्या गाडीत उघडतं. तुम्हाला नवं लॉक लागेल ते या एकाच कारणानं. मूळ पार्ट मिळाला तर बरं, नाहीतर लक्ष्मीपुरी-उद्यमनगरात विचारत फिरा, भंगारातल्या गाडीचंही चांगलं मिळून जातं. झाकण बदलायचा विषयच येत नाही.

वंगण म्हणून पांढरं लिथियम ग्रीस, तेही सांध्यांवर थोडंसं. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस थापू नका, पाच वर्षांनी हाच खेळ परत होईल. केबलच्या नळीत वरच्या टोकातून पातळ मशीन ऑइलचे काही थेंब सोडा, लिव्हर वीस-पंचवीस वेळा हलवा. केबलचे धागे सुटे दिसत असतील तर आत्ताच बदला. नवी मिळेपर्यंत स्कूटरच्या क्लच वायरवर काम भागतं, पण ते भागवणंच. टोकाचा स्क्रू कधी सैल होईल सांगता येत नाही.

चावीचा रॉड आता समोरच लोंबताना दिसेल. क्लिप चार आण्यांची वस्तू आहे, स्पेअरच्या दुकानात रॉड दाखवून मापाची घ्या. तारेनं बांधून ठेवायचा जुगाड मी करत नाही. तार पुढं लॉकच्या पानात अडकते. पार्सल ट्रेखालच्या त्या पीळ दिलेल्या सळयांना मात्र हात लावू नका. त्या ताणात असतात, सुटल्या तर मनगट मोडेल.

सगळं बसवलं की झाकण उघडंच ठेवून चाचणी करा. जाड स्क्रू ड्रायव्हर लूपसारखा जबड्यात दाबा. 'टक' आला पाहिजे; काही लॉकांत दोन येतात, एक अर्ध्या लॉकचा, एक पुऱ्याचा. मग पुढून लिव्हर ओढायला सांगा. जबडा उघडून स्क्रू ड्रायव्हर मोकळा झाला पाहिजे. पुन्हा दाबा आणि आता चावीनं उघडा. दोन्ही रस्त्यांनी पाच-पाच वेळा उघडलं तरच झाकण लावा. झाकण लावायला आपटावं लागत असेल तर लूपचे बोल्ट किंचित सैल करून तो केसभर वर घ्या. लावल्यावर खडखडत असेल तर खाली. (लूप झाकणात असेल तर हे बरोबर उलटं.) कडेला रबराचे दोन गोल टेकू असतात, ते फिरवून उंची जुळवता येते.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे, पण तुमच्यासारख्या टाकीवाल्या गाडीत मी ते न विसरता करतो. कुत्र्याच्या पत्तीला पातळ स्टीलची तार अडकवा, ती टाकी आणि वायरींपासून लांब, एका बाजूनं मागच्या सीटच्या पाठीपर्यंत आणा आणि टोकाला छोटी कडी करून सीट आणि पत्र्याच्या फटीत दडवून ठेवा. तारेला थोडी ढील ठेवा, नाहीतर सामानाच्या धक्क्यानं डिकी आपोआप उघडेल. पुढच्या वेळी केबल तुटली तरी ही कडी ओढायची, आणि बाहेरून कुणाला तरी झाकण दाबायला सांगायचं.